जमिनीचे तिसरे माप

जून महिन्यात पहिला दणक्याचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिक्षक मुलांना घेऊन शाळेमागच्या टेकडीवर गेलो. उन्हाळ्यात गावकऱ्यांनी आणि आमच्या मुलांनी श्रमदान करून त्या टेकडीच्या उतारावर चर खणले होते. दोरी ताणून, फक्की मारून खणलेले ते चर आगगाडीच्या रुळांसारखे सरळ होते. त्यांत पाणी कसे साठले आहे ते पाहायची सगळ्यांनाच घाई झाली होती.

पाहतो तो काय! चराच्या डाव्या टोकाला पाणी तुडुंब भरले होते आणि काठ फोडून खाली वाहून गेले होते. जिथे काठ फुटला तिथे उतारावर हातभर खोल घळ पडली होती. उजव्या टोकाला मात्र चराचा तळ नुसता ओला झालेला. जी माती वाचवण्यासाठी एवढे घाम गाळले, तीच माती ओढ्यात जाऊन बसली होती.

मुलांचे चेहरे उतरले. बरोबर आलेल्या मंडळींत गावातले एक वयस्कर गवंडी होते. ते चराच्या काठावर उकिडवे बसले, इकडून तिकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, घराचं जोतं धरताना आम्ही पाण्याची नळी लावून पातळी बघतो. मग डोंगराला नुसत्या डोळ्यानं कसं चालंल?"

विद्यार्थी मित्रांनो, आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांच्या लक्षात न आलेली गोष्ट त्या गवंडीबाबांनी एका वाक्यात सांगितली होती. आम्ही चराची लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, खोलीही मोजली होती. पण जमिनीचे आणखी एक माप असते, ते घ्यायचे राहून गेले होते. ते माप म्हणजे उंची, म्हणजेच पातळी. पाणी अडवायचे असेल, माती राखायची असेल आणि असलेले पाणी सर्वांना पुरवायचे असेल, तर या तिसऱ्या मापावाचून काही चालत नाही. ते कसे घेतात आणि त्याचे महत्त्व काय, हे आज आपण पाहू या.

अर्धा चर वाया

आधी आमची चूक किती महाग पडली याचा हिशेब करू. आमचा प्रत्येक चर ६० सें.मी. रुंद, ३० सें.मी. खोल आणि ३० मीटर लांब होता. म्हणजे त्यात ०.६ × ०.३ × ३० = ५.४ घनमीटर, अर्थात ५,४०० लिटर पाणी मावायला हवे.

पण समजा, चराची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा खाली आहे आणि हा उतार शंभरात एक इतकाच आहे. शंभरात एक म्हणजे १०० मीटर चालल्यावर १ मीटर खाली. हा उतार इतका कमी असतो की, डोंगराच्या अंगावर उभे राहून तो डोळ्यांना कळतच नाही. तरीही ३० मीटर लांबीच्या चरात त्यामुळे एक टोक दुसऱ्यापेक्षा ३० सें.मी. खाली जाते. चराची खोलीसुद्धा ३० सें.मी.च आहे! म्हणजे खालच्या टोकाला पाणी काठोकाठ आले, तरी वरच्या टोकाला ते शून्य. चरातल्या पाण्याचा आकार पाचरीसारखा होतो आणि त्याचे आकारमान निम्मे, म्हणजे २,७०० लिटर भरते.

चर ६० मीटर लांब खणला असता तर? तरीही पाणी तेवढेच, २,७०० लिटर. कारण पाचर ३० मीटरवर संपते, पुढचा सारा चर कोरडाच राहतो. म्हणजे दुप्पट श्रम करून लाभ एका थेंबाचाही नाही. आणि खरे नुकसान तर पुढेच आहे. टेकडीवर विखरून वाहणारे पाणी चराने एकत्र केले आणि एकाच जागी सोडले. विखुरलेल्या पाण्यात माती वाहून नेण्याची शक्ती थोडी असते. एकवटलेल्या पाण्यात ती फार असते. चुकीच्या पातळीचा चर नुसता निरुपयोगी राहत नाही, तो टेकडी कापायला मदत करतो.

डोळा असा का फसतो? सपाट माळावर उभे असताना दूरची क्षितिजरेषा आपल्याला आधार देते. डोंगराच्या उतारावर तो आधार नसतो. सगळी जमीनच तिरपी, त्यामुळे आपले मन उताराशी जुळवून घेते आणि थोडी चढती किंवा उतरती रेघसुद्धा आडवी वाटू लागते. पाणी मात्र असे फसत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने ते आपली पातळी बरोबर शोधून काढते.

साखळीने मोजलेली जमीन

आपल्याकडे जमीन मोजण्याची परंपरा जुनी आहे. निजामशाहीत मलिक अंबरने केलेल्या जमाबंदीचा उल्लेख तुम्ही इतिहासात वाचला असेल. इंग्रजी अमलात १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून पद्धतशीर मोजणी सुरू केली आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीचे साधन होते शंकू साखळी. तिची लांबी ३३ फूट. ही साखळी चारी बाजूंना धरली की जो चौरस होतो तो एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. घरात वडीलधारी माणसे अजूनही गुंठ्यांतच बोलतात. त्या गुंठ्याच्या मागे ही साखळी आहे.

त्या मोजणीतून शेतांच्या हद्दी ठरल्या, हद्दीचे दगड रोवले गेले, जमिनीची प्रत ठरली आणि गाव नकाशे तयार झाले. कोणते शेत कोणाचे, गायरान कुठे, ओढा कुठून जातो, हे त्या नकाशांवरून कळते. हे काम लहान नव्हे. गावाची सामाईक जमीन कोणती, हे कागदावर नसते तर कित्येक गायराने केव्हाच नाहीशी झाली असती, आणि मग चर खणायला जागा तरी कुठली उरली असती?

पण ही मोजणी मुख्यतः शेतसारा ठरवण्यासाठी होती. साऱ्याला क्षेत्रफळ लागते आणि क्षेत्रफळाला लांबी व रुंदी पुरते. म्हणून तुमच्या गावाचा नकाशा तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन पाहा; त्यात शेते दिसतील, रस्ते दिसतील, पण कोणते शेत उंच आणि कोणते सखल, हे दिसणार नाही. नकाशातले गाव अगदी पाटासारखे सपाट असते!

समुद्रापासून टेकडीपर्यंत

मग उंची कोणी मोजलीच नाही का? मोजली, आणि फार मोठ्या प्रमाणावर मोजली. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन याने एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण उभारत भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र घेऊन त्याची माणसे डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढत. हे काम करता करताच १८२३ साली लॅम्टन आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची समाधी तिथे आहे. याच मोजणीतून पुढे राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाने केलेल्या आकडेमोडीने जगातले सर्वोच्च शिखर ठरले आणि १८५६ मध्ये एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली.

उंची मोजायची तर ती कशापासून, हाही प्रश्न होता. त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी शून्य धरतात. भरती-ओहोटीमुळे समुद्र सारखा वर-खाली होतो, म्हणून नऊ बंदरांवरच्या दीर्घ नोंदींवरून ही सरासरी काढली गेली आणि १९०९ साली भारताची आधारपातळी निश्चित झाली. तिथून देशभर पातळी नेत नेत ठिकठिकाणी दगडांवर उंचीच्या खुणा कोरल्या गेल्या. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती तुम्ही पाहिली आहे ना? तो याच कामाचा एक भाग.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांवर या उंच्या समोच्च रेषांनी दाखवलेल्या असतात. त्यांतल्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन लागोपाठच्या समोच्च रेषांत साधारणपणे २० मीटर उंचीचे अंतर असते. गावाचे पाणलोट कुठून सुरू होते, ओढे कोणत्या दिशेने वाहतात, धरणासाठी जागा कुठे योग्य, हे ठरवायला हा नकाशा उत्तम. पण आमच्या चराची खोली होती ३० सें.मी. वीस मीटरच्या टप्प्यांनी तिची पातळी कशी सापडणार? हिमालयाच्या शिखराची उंची पावणेदोनशे वर्षांपूर्वी काढली गेली. पण आपल्या टेकडीवरची कोणती दोन झुडपे एका पातळीत आहेत, हे ज्याचे त्यालाच जाऊन मोजावे लागते.

बादलीतला दगड

समोच्च रेषा म्हणजे काय, हे नीट समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. एखादा ओबडधोबड दगड रिकाम्या बादलीत ठेवा. बादलीत दोन बोटे पाणी ओता आणि पाण्याची कड दगडाला जिथे टेकते तिथे खडूने रेघ ओढा. पुन्हा दोन बोटे पाणी ओता, पुन्हा रेघ ओढा. असे दगड बुडेपर्यंत करा. मग पाणी काढून दगडाकडे वरून पाहा. दगडाभोवती एकात एक अशा वेड्यावाकड्या रेघा दिसतील. प्रत्येक रेघेवरचे सर्व बिंदू एकाच उंचीवर आहेत. हीच समोच्च रेषा. शेतीच्या भाषेत समपातळी रेषा.

दगडाची बाजू जिथे चढी, तिथे रेघा जवळ जवळ. जिथे पसरट, तिथे दूर दूर. आणि आणखी एक गोष्ट पाहा: यांतली एकही रेघ सरळ नाही. दगडाला जिथे खळगा आहे तिथे ती आत वळते आणि जिथे फुगवटा आहे तिथे बाहेर. टेकडीचेही असेच. म्हणून समपातळीवर खणलेला चर नागमोडीच असणार. आमचे चर रुळांसारखे सरळ होते, तिथेच आमचे चुकले होते.

तीन काठ्या आणि एक दगड

समपातळी रेषा आखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ए-फ्रेम. दोन मीटर लांबीच्या दोन सारख्या काठ्या घ्या. त्यांची वरची टोके एकत्र बांधा आणि खालची टोके सुमारे दोन मीटर फाकवा. मधोमध एक आडवी काठी बांधा, की इंग्रजी 'ए' अक्षराचा आकार होतो. वरच्या टोकाला दोरीने दगड टांगा. हा झाला ओळंबा. दोन्ही पाय एका पातळीत असले की दोरी आडव्या काठीच्या ठराविक खुणेवर येते.

ही खूण कुठे करायची? आडव्या काठीच्या मध्यावर, असे तुम्ही म्हणाल. पण काठ्या हुबेहूब सारख्या नसतात, गाठीही थोड्या सरकतात. म्हणून एक युक्ती करतात. फ्रेमचे दोन पाय जमिनीवर दोन खुंट्यांवर ठेवा आणि दोरी जिथे येते तिथे खूण करा. आता फ्रेम उलट फिरवा. डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या खुंटीवर. दोरी आता दुसरीकडे येईल, तिथेही खूण करा. या दोन खुणांच्या बरोबर मधला बिंदू हीच खरी पातळीची खूण! जमीन तिरपी असली तरी चालते, फ्रेम वाकडी असली तरी चालते. उलट फिरवल्याने साधनातला दोष एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला पडतो व मध्य काढला की तो नाहीसा होतो. तीन काठ्यांच्या या साधनात मापनशास्त्रातले एक मोठे तत्त्व दडलेले आहे.

आता टेकडीवर जा. एक पाय पहिल्या खुंटीवर ठेवा. दुसरा पाय वर-खाली सरकवत दोरी खुणेवर आणा. तिथे दुसरी खुंटी ठोका. मग दुसरा पाय जागेवर ठेवून पहिला पाय पुढे फिरवा. कंपासने अंतर मोजत जावे तसे पुढे पुढे चला. या चालीत पाय आलटून पालटून पुढे येतात, त्यामुळे खूण थोडी चुकली असली तरी एका पावलाची चूक दुसऱ्या पावलात भरून निघते. ती भरून न निघता दर पावलाला एक सें.मी. साठत गेली, तर ३० मीटरच्या पंधरा पावलांत पंधरा सें.मी.चा फरक पडेल. म्हणजे निम्मी खोली गेली!

गवंड्याची नळी

दुसरे साधन म्हणजे आमच्या गवंडीबाबांची पारदर्शक नळी. नळीत पाणी भरून तिची दोन टोके कितीही दूर नेली, तरी दोन्हीकडच्या पाण्याची पातळी एकच राहते. नळीची टोके सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या दोन सारख्या काठ्यांना बांधली की झाले काम. समजा, पहिल्या काठीवर पाणी १०६ सें.मी.वर आणि दुसरीवर ९४ सें.मी.वर आहे. पाण्याची पातळी तर एकच. म्हणजे पहिल्या काठीखालची जमीन पाण्यापासून जास्त खाली, म्हणजेच १२ सें.मी. सखल. दोन्ही वाचने सारखी आली की जागा समपातळीत. मात्र नळीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर वाचन चुकते.

मोठ्या कामांसाठी, म्हणजे पाझर तलाव, बंधारा किंवा कालव्यासाठी, अभियंते दुर्बिणीची डंपी लेव्हल वापरतात. तिथेही युक्ती ओळखीचीच असते. यंत्र दोन मोजपट्ट्यांच्या मधोमध उभे करतात. त्यामुळे दुर्बिणीत किंचित तिरपेपणा असला तरी तो दोन्ही वाचनांत सारखाच येतो आणि वजाबाकीत उडून जातो. पृथ्वीच्या गोलपणाचा परिणामही असाच उडतो. हा परिणाम शंभर मीटरवर एक मिलिमीटरपेक्षाही कमी असला, तरी एक किलोमीटरवर सुमारे आठ सें.मी. होतो. कालव्याला किलोमीटरभर अंतरात काही थोड्या सेंटिमीटरांचाच उतार द्यायचा असेल, तर हे आठ सें.मी. विसरून कसे चालेल?

हद्दीची रेघ आणि पाण्याची रेघ

साधने सोपी आहेत. मग अडचण कुठे येते? ती येते माणसांत. हद्दीची रेघ माणसाने ओढलेली असते, समपातळीची रेघ जमिनीने. या दोन रेघा क्वचितच जुळतात. समपातळीवर घातलेला बांध एकाच्या शेताचा कोपरा तोडतो, दुसऱ्याचे शेत तिरपे कापतो, तिसऱ्याच्या शेतात पाणी साठवतो. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि पुढे हजारो एकरांवर समपातळी बांध घातले गेले. पण ज्याच्या शेतातून बांध जायचा त्याला तो अनेकदा अडचणीचाच वाटे आणि कित्येकांनी असे बांध पुढे नांगरून टाकले. रेघ शास्त्राप्रमाणे बरोबर होती, पण ती आखताना शेतकऱ्याशी पुरेसे बोलणे झाले नव्हते.

म्हणून पाणलोटाचे काम गट क्रमांक पाहून करता येत नाही. ज्या जमिनीवर पडलेले पाणी वाहत एकाच ओढ्यात येते, ती सारी जमीन म्हणजे त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र. त्याची हद्द जलविभाजक ठरवतो, म्हणजे डोंगराची ती धार जिथून अर्धे पाणी अलीकडे आणि अर्धे पलीकडे जाते. काम 'माथा ते पायथा' असे करायचे असते. आधी माथ्यावर चर, मग उतारावर बांध व ताली, मग ओढ्यात लहान बंधारे, आणि शेवटी पायथ्याशी पाझर तलाव. माथा सोडून पायथ्याला तलाव बांधला, तर वरून येणारी माती थोड्याच वर्षांत त्याला गाळाने भरून टाकते.

माथ्यावरच्या चरांची ताकदही पाहा. दहा-दहा मीटर अंतरावर समपातळी चर खणले, तर एका हेक्टरात सुमारे १,००० मीटर लांबीचा चर होतो. वर सांगितलेल्या मापाने त्यात १८० घनमीटर, म्हणजे १,८०,००० लिटर पाणी एका वेळी मावते. एका हेक्टरावर १८ मि.मी. पाऊस पडला तर जेवढे पाणी पडेल, तेवढे हे पाणी! अर्थात चर समपातळीत असतील तरच.

मोजले म्हणून वाटता आले

१९७२चा दुष्काळ महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगावच्या उजाड माळावर विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची सुमारे १६ हेक्टर जमीन घेतली. साळुंखे अभियंते होते. उतारावर बांध घालून, पाणी अडवून, विहिरीत मुरवून त्यांनी तो माळ हिरवा केला. त्यापुढचा विचार तर अधिक मोलाचा होता. पाणी किती आहे हे मोजता येते, मग ते जमिनीच्या प्रमाणात न वाटता माणसांच्या प्रमाणात का वाटू नये? यातून पाणी पंचायत उभी राहिली. दर माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच पाणी, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. उसासारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकाला मनाई.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची गोष्टही अशीच आहे. हे पर्जन्यछायेतले गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने डोंगरउतारांवर समपातळी चर खणले, झाडे लावली, चराईवर बंधने घातली. पण गाव तिथे थांबले नाही. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, हे मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडू लागली. आधी पिण्याचे पाणी, मग गुरांचे, मग पिकांचे. पाऊस कमी असेल त्या वर्षी पिके कोणती घ्यायची हे त्या ताळेबंदावरून ठरते. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत, हाही निर्णय गावाने घेतला.

चराची पातळी मोजणारे आणि विहिरीची पातळी मोजणारे गाव एकच असावे, ही यातली खरी खूण. नुसते अडवले आणि मोजले नाही, तर ज्याची मोटार मोठी त्याचे पाणी, असे होऊन बसते.

आकाशातून मोजणी

आज मोजणीची साधने फार पुढे गेली आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारच्या साहाय्याने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची अवघ्या अकरा दिवसांत टिपली गेली. भारताचा कार्टोसॅट-१ हा उपग्रह २००५ साली गेला. त्याच्यावरचे दोन कॅमेरे एकाच जागेची दोन कोनांतून चित्रे घेत आणि त्यांवरून उंची काढता येई. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली.

ही साधने गावाचे अख्खे पाणलोट एका दृष्टिक्षेपात दाखवतात. पण त्या रडारच्या नकाशात सुमारे ३० मीटरला एक बिंदू असतो आणि उंचीत काही मीटरांची चूक संभवते. ड्रोनची चित्रे पुष्कळ बारीक असतात, तरी गवताच्या खालची जमीन त्यांना दिसत नाही. म्हणून चराची शेवटची रेघ आखायला आजही माणूस, नळी आणि खुंट्या लागतातच.

आणि पातळी बरोबर आली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा. त्याचे काही थर भेगाळ असतात, त्यांत पाणी मुरते. काही अगदी घट्ट असतात, त्यांत थेंब शिरत नाही. म्हणून पाझर तलावाची जागा ठरवताना पृष्ठभागाच्या मोजणीबरोबर खडकाचीही पाहणी करावी लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हेच काम करते.

करून पाहा

तुमच्या शाळेत चार-चार विद्यार्थ्यांचे गट करा आणि प्रत्येक गटाने एक ए-फ्रेम तयार करा. शाळेच्या आवारात किंवा जवळच्या उतारावर एकाच खुंटीपासून प्रत्येक गटाने वेगवेगळी समपातळी रेघ आखा. आधी नुसत्या डोळ्यांनी आखा आणि तिथे पांढरे खडे ठेवा. मग ए-फ्रेमने आखा आणि तिथे लाल खडे ठेवा. तीस मीटर अंतरावर पांढरे आणि लाल खडे एकमेकांपासून किती दूर गेले? त्यांच्या पातळीत किती फरक पडला? तो नळीने मोजा आणि वहीत लिहा. गटागटांच्या लाल रेघा एकमेकींशी जुळतात का, तेही पाहा. जुळत नसतील तर दोष शोधा. तो शोधण्यातच खरे शिक्षण आहे.

आमच्या टेकडीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही जुने चर बुजवले. गवंडीबाबांनी मुलांना नळी धरायला शिकवले आणि त्यांनी सगळी टेकडी नव्याने आखली. नवे चर पाहून काही जण हसले, "हे काय वाकडंतिकडं खणलंय!" जूनमध्ये पाऊस झाला. सकाळी आम्ही वर गेलो तेव्हा प्रत्येक चरात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची सारख्या खोलीची पट्टी पसरली होती आणि काठ कुठेही फुटला नव्हता. दोन दिवसांनी ती पट्टी दिसेनाशी झाली. पाणी वाहून गेले नव्हते, जमिनीत मुरले होते.

तुमच्या शाळेच्या आवारात पडलेला पाऊस कुठे जातो? पुढच्या पावसात छत्री घेऊन त्याच्या मागोमाग चालत जा. तो जिथे वळतो, जिथे थांबतो, जिथे माती नेतो, त्या जागा कागदावर मांडा. तुमच्या गावाच्या नकाशात नसलेले तिसरे माप घ्यायला तुम्ही तिथूनच सुरुवात केलेली असेल.